‘फ्रान्समध्ये शिक्षण फुकट’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

फ्रान्समध्ये उच्चशिक्षण फुकट, सगळं इंग्रजीत, पार्टटाइम कामात खर्च निघतो, शेवटी पाच वर्षांचा व्हिसा आणि ‘आमच्यामार्फत पॅरिसला थेट प्रवेश’: असा मेसेज कितीतरी पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यावर विसंबून लोक एजंटकडे पैसे भरतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

‘फुकट’ हे आधीही खरं नव्हतं. 2019 पर्यंत सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांनाही फ्रेंच मुलांइतकीच, शे-दोनशे युरो फी होती. नोव्हेंबर 2018 मध्ये पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी युरोपीय संघाबाहेरच्यांसाठी वेगळी फी जाहीर केली. विद्यार्थी संघटना कोर्टात गेल्या, पण जुलै 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ही फी कायम ठेवली. 2025-26 मध्ये ती लिसाँससाठी, म्हणजे बी.ए., बी.एस्सी.च्या पातळीला, वर्षाला 2,895 युरो आणि मास्टरला 3,941 युरो आहे. काही विद्यापीठं जादा फी माफ करतात, पण माफी गृहीत धरू नका. ज्या त्या विद्यापीठाला विचारा. पीएचडीला मात्र सगळ्यांना सारखीच, चारशे युरोंच्या आत.

इंग्रजीचं अर्धंच खरं. मास्टर पातळीवर इंग्रजी कोर्स भरपूर आहेत. सरकारी विद्यापीठातलं लिसाँस बहुतेक फ्रेंचमध्येच असतं आणि त्यासाठी साधारण बी-टू पातळीचं, म्हणजे बऱ्यापैकी पुढचं, फ्रेंच लागतं. शिवाय वर्ग इंग्रजीत असला तरी इंटर्नशिप, घरमालक आणि सरकारी कचेरी यांच्याशी गाठ फ्रेंचमध्येच पडते.

कामाला वर्षाला 964 तासांची मर्यादा आहे, म्हणजे आठवड्याला सरासरी साडेअठरा तास. 2025 मध्ये किमान वेतन कपातीआधी ताशी 11.88 युरो होतं. सगळे तास काम मिळालं तरी पॅरिसमधलं भाडं आणि फी यातून भागणं कठीण. व्हिसासाठीही महिन्याला किमान 615 युरोंची सोय आधीच दाखवावी लागते.

पाच वर्षांचा व्हिसा खरोखर आहे, पण तो फ्रान्समध्ये शिकून गेलेल्या भारतीयांना भेटीसाठी मिळणारा व्हिसा. दर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, नोकरी करता येत नाही. नोकरी शोधण्यासाठीचा परवाना वेगळा, आणि तो तुमच्या पदवीवर अवलंबून असतो.

‘थेट प्रवेश’ ही मला सगळ्यात धोक्याची गोष्ट वाटते, कारण तो कुठल्या संस्थेत आणि कुठल्या पदवीला, हे मेसेज सांगत नाही. लिसाँस आणि मास्टर या फ्रेंच सरकारने मान्य केलेल्या, म्हणजे राष्ट्रीय, पदव्या आहेत. ‘बॅचलर’, ‘एमबीए’, ‘मास्तेर’ (mastère, हे ‘मास्टर’ नव्हे) ही नावं मात्र खासगी संस्था सरकारी मान्यतेशिवायही वापरू शकतात. खासगी म्हणजे वाईट असं अजिबात नाही. एचईसी आणि एसेक या नावाजलेल्या बिझनेस स्कूलच्या मुख्य अभ्यासक्रमांना सरकारमान्य मास्टरचा दर्जा आहे. पण वर्षाला दहा हजार युरो घेऊन तो दर्जा नसलेलं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थाही आहेत. काही जण ‘आरएनसीपीत नोंद आहे’ असं सांगून दिलासा देतात. ती राष्ट्रीय व्यवसाय-पात्रतांची नोंदवही आहे. त्यात नाव असणं म्हणजे मास्टर नव्हे. अशा प्रमाणपत्रावर पुढे पीएचडीचा प्रवेश अडतो आणि नोकरी शोधण्याचा परवानाही हातचा जाऊ शकतो.

पैसे भरण्याआधी संस्थेकडून पदवीचं नेमकं फ्रेंच नाव लेखी घ्या. ती राष्ट्रीय पदवी आहे का, तिला मास्टरचा दर्जा आहे का, हे दोनच प्रश्न विचारा, आणि मिळालेलं उत्तर कँपस फ्रान्सच्या, म्हणजे तिथल्या शिक्षणाची माहिती देणाऱ्या फ्रेंच सरकारी संस्थेच्या, कार्यालयात पडताळून बघा.