एमजीबीच्या मागच्या पाट्यांबद्दल तुमच्या तक्रारी आणि आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. तुमच्या एमजीबीचे (ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, आम्ही बदलले, त्याबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी २६ दिवस अडकली, मागून उंच दिसायला लागली, निघताना डावीकडून ‘टक्’ असा आवाज येतो, पाट्याच्या पुढच्या आयचे (टोकाच्या गोल डोळ्याचे) बोल्ट आम्ही गाडी खाली उतरवल्यावर कसले म्हणजे काम घाईत उरकलं, आणि ग्रीस मारून भागलं असतं तिथे बुश (जोडावरचे रबरी तुकडे) बदलून बिल वाढवलं.

‘टक्’ची चूक आमची आहे, म्हणून आधी तेच सांगतो. पाटे एक्सलला जोडतात तिथे पाट्याच्या वर-खाली रबरी पॅड असतात, एका बाजूला दोन, म्हणजे गाडीला चार. नवे पॅड पहिल्या काही दिवसांत दबतात. पॅड दबले की यू-बोल्ट (एक्सलला पाट्यावर आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) ढिले पडतात आणि क्लच सोडताना एक्सल केसभर सरकून वाजतो. म्हणून ५०० किलोमीटरनंतर चारही यू-बोल्टचे नट पुन्हा कसावे लागतात. हे आम्ही तोंडी सांगितलं, बिलावर लिहिलं नाही. गाडी नेताना माणूस दहा गोष्टी ऐकतो, त्यात ही राहून गेली तर दोष तुमचा नाही. आता हे वाक्य प्रत्येक बिलावर लाल शाईने लिहिलं जाईल. तोवर एक विनंती: कुठे पाना लावून नट ‘जाम’ करून घेऊ नका. जास्त कसले तर पॅड बाजूने पिळून बाहेर येतो आणि मग आवाज कायमचा राहतो.

आता बोल्टचं. हा मुद्दा मी सोडणार नाही, कारण तुमचं वाचून दुसरा कोणी आपल्या मिस्त्रीला ‘गाडी वर असतानाच कसून टाक’ म्हणेल आणि नवे बुश वर्षभरात खलास होतील.

पाट्याच्या पुढच्या आयमधला बुश म्हणजे बेअरिंग नव्हे. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मध्ये दोन्हींना चिकटलेलं रबर. बोल्ट कसला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये गच्च धरली जाते, ती फिरत नाही. पाटा वर-खाली झाला की फक्त रबर पिळतं आणि सोडलं की परत येतं. गाडी घोडीवर (स्टँडवर उचललेली) असते तेव्हा एक्सल खाली लोंबकळत असतो. त्या स्थितीत बोल्ट कसला तर रबराची ‘सरळ’ जागा तीच ठरते. मग गाडी टायरवर उतरवल्या क्षणापासून रबर कायम पिळलेलं, आणि खड्ड्यात गेलं की आणखी पिळणार. काही महिन्यांत ते नळीपासून सुटतं. शिवाय पिळलेलं रबर गाडीला वर रेटत राहतं, ते वेगळंच. म्हणून वर असताना बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, चार-पाच वेळा मागे-पुढे ढकलायची, मागून दाबून हलवायची आणि मगच टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून कसणाऱ्या पान्याने) शेवटचा कस द्यायचा. शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं मागचं टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्यांच्या, नटांचंही तसंच. तुम्ही पाहिलंत ती घाई नव्हती, कामाची शेवटची पायरी होती.

या गाडीत ते जास्तच महत्त्वाचं, कारण एक्सलला जागेवर धरणारं पाट्यांशिवाय दुसरं काही नाही. गाडी पुढे ढकलण्याचा जोर, ब्रेकचा जोर, वळणावरचा आडवा जोर, सगळं त्या दोन पाट्यांवर आणि त्यांच्या बुशांवर. बुश गेला की मागचा भाग स्वतःच स्टिअरिंग केल्यासारखा वागतो. तुम्ही गाडी आणली तेव्हाची पहिली तक्रार हीच होती: ‘ट्रक ओव्हरटेक करताना मागून भरकटते.’

ग्रीसबद्दल. रबरी बुशला साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीच लावायचं नाही. रबर फुगतं आणि मऊ पडून चुरा होतो. तुमच्या जुन्या शॅकलचे आठही अर्धे बुश असेच झाले होते. एक बोटाने दाबला तर डांबरासारखा काळा गोळा हाताला लागला. नवे बसवताना आम्ही साबणाचं पाणी वापरलं. ते सुकून जातं आणि रबराला अपाय करत नाही. पीयूचे (पॉलियुरेथेनचे, रबरापेक्षा कडक) बुश का नाही टाकले, असंही तुम्ही विचारलंय. ते टिकाऊ असतात, पण एक चाक खड्ड्यात गेलं की पाट्याला थोडं पिळावं लागतं आणि पुढच्या आयमध्ये पीयू त्याला अडवतो. शर्यतीची गाडी असती तर वेगळा विचार केला असता.

उंचीचं सांगतो. गाडी आली तेव्हा डावी बाजू उजवीपेक्षा १९ मिलिमीटर खाली होती. डावीकडच्या मुख्य पाट्याला सेंटर बोल्टच्या (पाट्याच्या पट्ट्या मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी तडा होता. तो तुकडा ठेवलाय, कधीही बघा. आता दोन्ही बाजूंत फरक ४ मिलिमीटर आहे. म्हणजे गाडी उंच झाली नाही, बसलेली गाडी उठली. नवे पाटे पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये थोडे बसतातही. एक शंका मात्र रास्त असते: एमजीबी मॉडेलला १९७४ च्या शेवटी रबरी बंपर आले तेव्हा तिची उंची एक-दीड इंचाने वाढवली होती. ते नंतरचे पाटे तुमच्या क्रोम बंपरच्या गाडीला लावले तर शेपूट उंचच राहणार. छप्परवाल्या एमजीबी जीटीचे पाटेही कडक असतात. मागवताना आम्ही दोन्ही तपासलं होतं. पाट्यांवरचा नंबर आणि फोटो तुम्हाला पाठवलेत.

धुळ्याच्या हायवेवर पाटे ठोकून नवी कमान देतात, ते स्वस्त पडलं असतं, हेही खरं. ट्रकसाठी तिथले कारागीर उत्तम आहेत. पण थंड ठोकून दिलेली कमान लवकर उतरते. पोलाद तापवून पुन्हा पाणी दिलं तरच टिकते, आणि तडा गेलेल्या पाट्याला तोही इलाज नाही.

२६ दिवसांतले १७ गेले ते शॉकअपमध्ये. तुमच्या गाडीला नळीचे शॉकअप नसून लिव्हरचे आहेत. उजव्याचा धुरा तेल गाळत होता. तेल भरून त्याचा लिव्हर वर-खाली केला तर मधल्या टप्प्यात तो रिकामा जायचा, काहीच रोध नाही. हवा काढूनही फरक पडला नाही, म्हणजे आतून झिजलेला. दुरुस्त केलेला इंग्लंडहून आला, त्याला वेळ लागला. डावा चांगला होता. त्यात फक्त एसएई २० डब्ल्यू तेल भरलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

उरलेल्यातले दोन दिवस एका बोल्टने घेतले. डावीकडचा पुढच्या आयचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झाला होता. पेट्रोलची टाकी मागेच असताना तिथे गॅसची ज्योत आम्ही लावत नाही, म्हणून आय आणि ब्रॅकेट यांच्या फटीतून करवतीने दोन्हीकडून कापला. ‘जॅम बोल्ट कापणे, १८०० रुपये’ म्हणून बिलात जे आहे ते हेच. शॉकअपला उशीर होतोय हे मात्र तुम्हाला फोन करून सांगायला हवं होतं. तुम्हीच चार वेळा विचारलंत, ते बरोबर झालं नाही.

गाडी सोमवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी दहाच्या आत आणा. डिकी रिकामी आणि टाकी अर्धी असू द्या, म्हणजे उंची मागच्या वेळेसारखीच मोजता येईल. यू-बोल्ट कसणं, दोन्ही बाजूंची मोजणी आणि पुढच्या आयपासून एक्सलपर्यंतचं अंतर तपासणं, तासाभराचं काम आहे, पैसे लागणार नाहीत. तुमच्यासमोरच करू, आणि त्यानंतरही ‘टक्’ राहिलाच तर चेक स्ट्रॅप (एक्सल फार खाली जाऊ न देणारा पट्टा) आणि शॉकअपची खालची लिंक उघडून बघू.