‘कोणतीही ८ जीबी रॅम लावा, स्पीड दुप्पट’: या मेसेजवर पैसे घालण्याआधी

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: “जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. बाजारातली सगळ्यात स्वस्त ८ जीबी रॅम आणून लावा, स्पीड दुप्पट. फक्त जुन्या रॅमच्याच कंपनीची घ्या, नाहीतर मदरबोर्ड जळेल.” पहिलं वाक्य मला मनापासून पटतं. पुढच्या सल्ल्यात मात्र गरजू माणसाचेच पैसे बुडतात.

‘सगळ्यात स्वस्त’ हाच मोठा धोका. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या; त्यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. जोर लावला तर स्लॉट तुटतो. पण खरी फसगत होते ती बसणाऱ्या पट्टीत. डीडीआर३ साधी असते १.५ व्होल्टची आणि ‘एल’वाली १.३५ व्होल्टची. एलवाली सहसा दोन्हीकडे चालते. साधी मात्र चौथ्या पिढीच्या इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये लावली की स्क्रीन काळीच राहते. डेस्कटॉपसाठी ८ जीबीची पट्टी फारच स्वस्त दिसली तर स्टिकर नीट वाचा. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी पट्टी इंटेलच्या बोर्डवर चालत नाही. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅमही घरच्या मशीनला निरुपयोगी. शिवाय बोर्डाची स्वतःची मर्यादा असते: जी३१ चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) ४ जीबीपुढे जात नाही, एच६१ मात्र १६ जीबीपर्यंत घेतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजारात, जाणार असाल तर जुनी पट्टी काढून सोबत न्या आणि बोर्डाचं मॉडेल लिहून घ्या.

‘स्पीड दुप्पट’? रॅम कमी पडत असेल तरच फरक जाणवतो. रोजची सगळी कामं उघडी ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर बघा. मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅम घ्याच. मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क सतत १०० टक्के असेल, तर तेच पैसे साट्याच्या (साध्या हार्डडिस्कच्याच जोडणीच्या) एसएसडीत, म्हणजे वेगवान डिस्कमध्ये, घाला. विंडोज ३२-बिट आहे का, हेही आधी तपासा. असेल तर ती ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही; ६४-बिट नव्याने टाकावी लागेल, म्हणजे आधी फोटो-फाइलींचा बॅकअप आलाच.

राहिली कंपनीची गोष्ट. वेगळ्या कंपनीच्या पट्टीने बोर्ड जळत नाही. १३३३ आणि १६०० वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही १३३३ वर चालतात, इतकंच. क्वचित दोघींचं जमत नाही. मग मशीन सुरू होत नाही किंवा निळी स्क्रीन येते, आणि पट्टी काढली की पूर्ववत होतं. म्हणून आधीची ४ जीबी चांगली असेल तर ती टाकून देऊ नका. मोकळ्या स्लॉटात दुसरी ४ जीबी लावा. जोडीमुळे ड्युअल चॅनेलही मिळतो, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी काम करतात. सेकंडहँड घेताना परतीची मुदत ठरवून घ्या आणि घरी आल्यावर त्याच रात्री मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवा. सकाळी एकही एरर दिसली तर पट्टी परत करा.