मोर्सची परीक्षा गेली, लायसन्स नाही गेलं

भाच्याने एक फॉरवर्ड पाठवलाय, वर "हॅम रेडिओचे नवे नियम, सर्वांना कळवा" आणि खाली त्याचा स्वतःचा प्रश्न, मामा, मग घेऊन टाकू का हँडसेट? हॅम म्हणजे हौसेखातर, लायसन्स घेऊन रेडिओवरून बोलणारे लोक. हाच मेसेज आधी दोन ग्रुपवर येऊन गेला तेव्हा मी सोडून दिलं होतं, पण आता घरातलंच पोरगं त्यावर विश्वास ठेवून पैसे घालवायला निघालंय म्हटल्यावर गप्प कसं बसायचं. मेसेजचं म्हणणं असं: आंतरराष्ट्रीय करार बदलून मोर्स कोड रद्द झाला, म्हणून परीक्षा आणि लायसन्स आता नावापुरतं. पॉवरची मर्यादा उठली. इमर्जन्सीत लायसन्स लागतच नाही, तेव्हा प्रत्येकाने एक सेट घरात ठेवावा. एकदा काढलेलं लायसन्स जगभर चालतं. धंद्यासाठी, खासगी बोलण्यासाठी बिनधास्त वापरा, कोणाला कळत नाही. आणि जुनी लायसन्सं सगळी बाद.

आधी मोर्स. करार बदलला हे खरंय, पण त्याला "नवा नियम" म्हणणारा माणूस कुठे झोपला होता कोण जाणे, कारण ही गोष्ट २००३ ची आहे. जिनिव्हाला आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची, जागतिक रेडिओ परिषद झाली, तिथे रेडिओ रेग्युलेशन्सचं, म्हणजे याच कराराचं, कलम २५ सुधारलं. त्याआधी ३० मेगाहर्ट्झच्या खाली बोलायचं तर मोर्स येणं सक्तीचं होतं. सुधारित २५.५ म्हणतं की मोर्सची परीक्षा घ्यायची की नाही हे ज्या त्या देशाने ठरवावं. म्हणजे रद्द नाही केलं, देशांवर सोडलं. बरं, एवढं वाचलंच होतं तर पुढची ओळ वाचायला काय झालं होतं? २५.६ सांगतं की ज्याला हॅम स्टेशन चालवायचंय त्याची तांत्रिक आणि ऑपरेटिंगची पात्रता सरकारने तपासायचीच. तपासावी असं नाही, तपासायचीच. त्याच पुस्तकात हॅमची व्याख्या आहे त्यातही "रीतसर परवानगी मिळालेली माणसं" असेच शब्द आहेत. ज्या कलमाच्या जोरावर हा मेसेज फिरतोय तेच कलम त्याला खोटं पाडतं. अमेरिकेने मोर्स काढलं फेब्रुवारी २००७ मध्ये, लेखी परीक्षा तशीच राहिली. भारतात रिस्ट्रिक्टेड ग्रेड या लायसन्सच्या खालच्या वर्गाला मोर्स नसतं, म्हणून काय ते लायसन्स बिनपरीक्षेचं मिळतं का?

परीक्षा नावापुरती, या म्हणण्यात थोडं तथ्य आहे हे नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकेत प्रश्नसंच उघडा असतो, पहिल्या पायरीला ३५ प्रश्न आणि २६ बरोबर आले की पास, त्यामुळे पाठ करून पास होणारे भरपूर असतात आणि नंतर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) म्हणजे काय विचारलं की इकडेतिकडे बघतात. पण म्हणून परीक्षा गेली असं होत नाही.

पॉवरचं तर कुठून काढलं देव जाणे. माझा अंदाज असा की अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या रेडिओ नियामकाने, ३० मेगाहर्ट्झखालच्या एचएफ बँडवर डिजिटल डेटासाठी असलेली ३०० बॉडची, म्हणजे वेगाची, मर्यादा काढून २.८ किलोहर्ट्झ बँडविड्थची, म्हणजे सिग्नलच्या रुंदीची, घातली, जानेवारी २०२४ पासून, त्यातलं "मर्यादा काढली" एवढंच कुणीतरी उचललं. त्याचा पॉवरशी काडीचा संबंध नाही, तिथली १५०० वॉटची कमाल मर्यादा आहे तिथेच आहे.

आता तो इमर्जन्सीचा मुद्दा, ज्यामुळे खरं तर मी लिहायला बसलो. बाकी मुद्दे चुकीचे आहेत, हा घातक आहे. अमेरिकन नियमांत एक तरतूद आहे की माणसाचा जीव तातडीच्या धोक्यात असेल आणि नेहमीची साधनं बंद असतील तर हॅम स्टेशनने हाताशी असेल ते रेडिओ साधन वापरावं, नियम आडवे येणार नाहीत. चांगली तरतूद आहे. पण ती प्रसंगापुरती आहे, आधीपासून बिनलायसन्स सेट घेऊन ठेवायची परवानगी नाही, आणि काही देशांत तर बोलणं सोडा, परवान्याशिवाय सेट जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवा. समजा सेट घेतला आणि कपाटात ठेवला, आणि खरंच वेळ आली. पाच वॉटचा हँडसेट जमिनीवरून दुसऱ्या हँडसेटला काही किलोमीटर पोचतो, मधे इमारती किंवा टेकडी आली की तेवढंही नाही. लांब जायला रिपीटर लागतो, म्हणजे आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारं उंचावरचं स्टेशन. रिपीटर ऐकतो एका फ्रिक्वेन्सीवर आणि बोलतो दुसऱ्या, दोन मीटर बँडवर, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झच्या आसपास, साधारण ६०० किलोहर्ट्झचा फरक, आणि बऱ्याच रिपीटरना सोबत ऐकू न येणारा टोन पाठवावा लागतो, ८८.५ हर्ट्झ किंवा असाच कुठला तरी. तो सेट केलेला नसेल तर तुम्ही पीटीटी म्हणजे बोलायचं बटण दाबून घसा कोरडा होईपर्यंत ओरडा, रिपीटर उघडणारच नाही, आणि तुम्हाला वाटत राहणार की आपलं जातंय. मोबाइलसारखं उचललं आणि लागलं, असं ते यंत्रच नाही.

आणि याहून वाईट म्हणजे भलतीकडे लागणं. हे स्वस्त हँडसेट बऱ्याचदा १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ सरसकट ट्रान्समिट करतात. हॅमचा वाटा त्यात १४४ ते १४६, काही भागांत १४८ पर्यंत. उरलेल्यात दुसऱ्यांच्या सेवा आहेत, समुद्रातल्या बोटींचं संकटाचं चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, तेही त्यातच येतं. एफएममध्ये जोरदार सिग्नल कमजोर सिग्नलला गिळून टाकतो, दोन्ही ऐकू येतात असं नाही. किनाऱ्यावर बसून कुणी "हॅलो हॅलो, चेकिंग" करत बसला आणि त्याच क्षणी लांबून एखादी बोट मदत मागत असली तर जवळच्या रिसीव्हरला ऐकू येणार हा चेकिंगवाला. परीक्षेत हे शिकवतात. कुठे बोलायचं नाही, बोलण्याआधी ऐकायचं कसं, हेच तर शिकवतात. आपत्तीत मदत करायची एवढी हौस असेल तर कलम २५ मध्येच लिहिलंय की देशांनी हॅमना त्यासाठी तयारी करू द्यावी, पण हॅमना, कपाटातल्या सेटला नाही.

बाकीचं पटापट. जगभर चालतं: नाही. युरोपातल्या सीईपीटी या परस्पर-मान्यतेच्या व्यवस्थेत सामील देशांत थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी आपल्या कॉलसाइनआधी, म्हणजे लायसन्ससोबत मिळालेल्या ओळखीच्या अक्षर-आकड्यांआधी, तिथला प्रिफिक्स लावून बोलता येतं, इतरत्र ज्या त्या देशाची परवानगी काढा. धंदा: व्याख्येतच "आर्थिक हितसंबंधाशिवाय" आहे, विषय संपला. खासगी बोलणं: वेगवेगळ्या देशांतल्या हॅमनी अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक करून पाठवायला २५.२ए मनाई करतं, शिवाय कॉलसाइन सांगावीच लागते, त्यामुळे "कोणाला कळत नाही" हे तर उलटंच आहे, सेट असलेला कुणीही ऐकू शकतो.

जुनी लायसन्सं बाद हे वाचून एका वयस्कर हॅमने मला काळजीने फोन केला म्हणून तेही सांगतो. अमेरिकेने २००० साली सहा वर्गांचे तीन केले, नोव्हिस आणि अ‍ॅडव्हान्स्ड नव्याने देणं थांबवलं, पण ज्यांच्याकडे होती त्यांची काढून घेतली नाहीत. ती अजूनही रिन्यू होतात, परत परीक्षा न देता.