अलिबागला ‘फक्त बीच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सुट्ट्या जवळ आल्या की एक मजकूर फिरायला लागतो : ‘अलिबाग म्हणजे मुंबईकरांच्या फार्महाऊसमुळे नावारूपाला आलेलं खेडं. किल्ला अर्ध्या तासात होतो, आंग्र्यांच्या तोफांसोबत फोटो काढा आणि निघा. समुद्र सोडला तर तिथे काही नाही.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी ते ‘खेडं’. मुंबईकरांचे बंगले उठण्याच्या कितीतरी आधी इथून आंग्र्यांचं आरमार चालायचं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज हातमिळवणी करून इथल्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. कान्होजी आंग्र्यांनी दोघांनाही हात हलवत परत पाठवलं. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये आंग्र्यांचं संस्थान गिळलं, तरी पुढे जिल्ह्याचं ठाणं अलिबागच झालं.

किल्ल्याबद्दल तर बोलावंच लागेल. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला हा कुलाबा संभाजी महाराजांनी पुरा केला. तटाजवळ जाऊन नीट बघा. प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचलेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मरतो. भर समुद्रात असून आत गोड्या पाण्याचं तळं आहे. आणि ज्यांच्यासोबत फोटो काढायचे त्या चाकांवरच्या दोन तोफा आंग्र्यांच्या नाहीतच! त्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात १८४९ साली ओतल्या, म्हणजे संस्थान जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. ओहोटीला चालत जाता येतं, पण भरतीची वेळ विचारूनच निघा. ‘अर्ध्या तासात होतो’ या भरवशावर गेलेली माणसं अडकतात.

आता ‘काही नाही’. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून मुंबईतल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आणली. इमारतीत लोखंड नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाची १८४१ पासूनची नोंदपरंपरा इथे पुढे चालू आहे. इस्रायल आळीत बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, मागेन अबोथ हे प्रार्थनास्थळ आहे. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची मायबोली मराठीच.

आणि याच तालुक्यातलं चरी. तिथल्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये खोतांविरुद्ध, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, संप पुकारला. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली सहा वर्षं उपासमार सोसली, पण खोताच्या जमिनीत नांगर घातला नाही. त्या लढ्याला डॉ. आंबेडकरांनी उघड पाठिंबा दिला, आणि १९४९ मध्ये खोती बंद करणारा कायदा झाला.