वहीतली वऱ्हाडी आणि लाल पेन : गुरुजींना उत्तर

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, हे कबूल करते. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा वाटलं, दोन ओळींत उरकण्यासारखं हे नाही. म्हणून सवडीनं लिहितेय.

बाकीच्यांसाठी मामला थोडक्यात सांगते. मुलांचं लेखन कसं पाहावं हे आम्हा शिक्षकांना कुणी शिकवतच नाही, लाल पेन काही दिवस कपाटात ठेवून पाहा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढून २००८ साली मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या गुरुजींनी लिहिलं : "मॅडम, ऱ्हस्वदीर्घ सोडा, वऱ्हाडी चालवून घ्या, लेकराचं मन मोडू नका, हे ऐकाले गोड आहे. याच लाडानं आपली पोरं पुण्या-मुंबईच्या पोरांपुढे तोंड उघडत नाहीत. प्रशिक्षणं मीही केली. चहा-बिस्किट, सही, घर. आणि तुमचं लेकरू कोणत्या शाळेत आहे, तेही एकदा लिहा."

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. चौथीपर्यंत माझ्याच शाळेत होतं, आता तालुक्याच्या कॉन्व्हेंटात आहे. घरात यावर भांडण झालं आणि मी हरले. यापुढे त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही.

आता वहीकडे येते. त्या लेखात मी एकही वही दाखवली नाही, ही माझी चूक. नुसतं 'लाल पेन ठेवा' म्हटल्यावर कुणालाही तो लाडच वाटणार. तेव्हा ही वही पाहा. यवतमाळकडच्या घाटंजी तालुक्यातला चौथीचा मुलगा, विषय 'आमचे शेत'. (सीतादही म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड.) जसं लिहिलं तसं उतरवते :

"माह्या आईनं सीतादहीच्या दिवशी दहीभात नेला. बाबानं पऱ्हाटीले हळद कुकू लावलं. आजी म्हने आता येचाले लागा. मी पन कापूस येचला. माह्या बोटाले बोंडाचं टोक लागल. रगत निघाल. आई म्हने कापूस लाव. मंग मी कापूस लावला. कापसावर रगत पडल तर भाव कमी भेटते का"

ही वही आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) आली तेव्हा तिच्यावर सतरा लाल गोल होते, खाली 'शुद्धलेखनाकडे लक्ष दे' असा शेरा आणि दहापैकी तीन गुण. तपासणारी बाई कामचुकार नाही. आमच्यातली सगळ्यात मेहनती तीच. प्रत्येक शब्दाला गोल करून तिनं वर योग्य शब्द लिहिला होता. मग आम्ही नाव झाकून, गोल नसलेली प्रत आठ जणांना दिली आणि स्वतंत्र गुण द्यायला सांगितलं. तीनपासून आठपर्यंत आले. एकाच वहीला, एकाच केंद्रातल्या, एकाच पगाराच्या माणसांकडून!

यात आमच्या तालुक्याचा काही खास दोष नाही. १९१२ साली अमेरिकेत इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली होती. कुणी ६४ गुण दिले, कुणी ९८. आपण ज्याला तपासणी म्हणतो त्यात तपासणाऱ्याचंच मन जास्त उमटतं, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच लोकांच्या ध्यानात आली होती.

तर ते सतरा गोल आम्ही मोजले. म्हणजे नुसते मोजले नाहीत, जातवार लावले. कापूस वेचून घरी आणल्यावर कवडी, म्हणजे डागी कापूस, वेगळी काढतात तसे. 'म्हने' दोनदा आणि 'पन' एकदा, असे ण-न चे तीन. 'माह्या', 'बोटाले', 'येचला', 'रगत', 'मंग', 'भेटते' वगैरे वऱ्हाडीचे दहा. उरले चार : 'कुकू', 'लागल', 'निघाल', 'पडल'. हे चारही अनुस्वाराचे. आता वही परत वाचा, गुरुजी. 'आईनं', 'बाबानं', 'लावलं', 'बोंडाचं' या चारही ठिकाणी त्याच पोरानं शेवटचा अनुस्वार बरोबर दिला आहे. म्हणजे त्याला तो ठाऊक आहे, अर्धा हातात बसलाय, अर्धा निसटतोय. शिकवायची गोष्ट इथे एकच आहे, ती दहा मिनिटांत शिकवता येते आणि शिकवलीच पाहिजे. पण सतरा गोलांच्या गर्दीत ती बाईलाही दिसली नाही, पोराला तर कुठून दिसणार? त्याला एवढंच कळलं, की आपण लिहिलेलं सगळंच चुकतं.

म्हणून 'ऱ्हस्वदीर्घ सोडा' असं मी म्हणत नाही. मी म्हणते, गोल कमी करा म्हणजे चूक दिसेल. मागच्या लेखात हे मी नीट मांडलं नाही आणि 'कपाटात ठेवा' हा शब्द जरा टाळ्या घेण्यासाठी वापरला, हेही खरं.

शुद्धलेखनावरून एक आगाऊपणा करते, रागावू नका. २००८ ला निवृत्त म्हणजे तुम्ही पहिली-दुसरीत 'नांव', 'कांहीं', 'केलें' असंच गिरवलं असणार. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले ते अनुस्वार गेले. काल ज्यावर छडी बसायची तेच आज बरोबर झालं. तुम्ही ते निमूट बदललं आणि पुढे बत्तीस वर्षं नवं शिकवलं. म्हणजे नियम हा शिकण्याचा, बदलण्याचा मामला आहे हे तुमच्या हातालाच माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

वऱ्हाडीबद्दल मात्र माझं तुमच्याशी खरंच पटत नाही. 'बोटाले' ही चूक नाही. ते पोरगं घरात 'बोटाला' म्हणालं तर आजी त्याचं कपाळ चाचपेल, ताप तर नाही म्हणून. त्याला 'बोटाला' शिकवायचं ते 'बोटाले' पुसून टाकायला नव्हे, त्याच्याशेजारी दुसरं रूप ठेवायला. आमची एक बाई फळ्याच्या दोन बाजू करते. डावीकडे 'घरी', उजवीकडे 'पुस्तकात'. पोरंच शब्द सांगतात. काहून – का, सकाय – सकाळ, डोया – डोळा. आठवड्याभरात त्यांनी स्वतःच शोधून काढलं, की आपल्या 'य' च्या जागी पुस्तकात बऱ्याचदा 'ळ' येतो. व्याकरणाचा नियम चौथीतल्या पोरांनी काढला, आणि पुढच्या लेखनात त्यांचा 'ळ' सुधारला. तोंड उघडत नाहीत म्हणता ना? ज्या पोराला पहिलीपासून सांगितलं, की तुझ्या तोंडातून येतं ते अशुद्ध, ते पुण्यात जाऊन तोंड उघडेल तरी कशाला!

आमच्या केंद्रातली एक शाळा कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर आहे. तिथल्या लेकरांना वऱ्हाडीसुद्धा परकीच, घरात कोलामी. तिथली वही आली ती अशी, की आम्ही सगळे गप्प झालो. मोत्यासारखं अक्षर, समास आखलेला, एकही चूक नाही. फळ्यावरून उतरवलेलं. लाल पेनाला तिथे काही कामच नव्हतं. दहापैकी दहा. त्या मुलीनं स्वतःचं एक वाक्य आजवर लिहिलेलं नाही, हे आम्हाला तिच्या शेजारी सतरा गोलांची वही ठेवली तेव्हा कळलं. या मुलीचं काय करायचं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. तिथले गुरुजी आता तिच्या तोंडून कोलामी शब्द घेतात, मराठीत तिच्यासमोर लिहितात आणि तिला पुढचा शब्द विचारतात. वेग फार कमी आहे.

२०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांत मुलांनी स्वतः लिहायची 'माझी नोंद'ची कोरी पानं आली तेव्हा मला मोठी हौस वाटली होती. मी पाहिली त्यातल्या बहुतेक पानांवर फळ्यावरची प्रश्नोत्तरंच उतरली. पुढे ती पानंही गेली. आणि आपण तरी काय वेगळं करतो? २०१० पासून आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी भरतोय. 'स्वतःच्या शब्दांत लिहितो', 'कल्पकता दिसते'. तयार नोंदी बाजारात मिळतात, त्याच उतरवतो. पोरं गाईडवरून, आपण नोंदींवरून.

'अशानं पोरं स्पर्धेत मागे पडतील' असंही नेहमी ऐकू येतं, त्याबद्दल थोडंच. शिष्यवृत्तीला आणि नवोदयला पोरांनी पर्यायांचे गोल रंगवायचे असतात, तिथे लिहावं लागत नाही. लिहावं लागतं ते पुढे : अर्ज, तक्रार, जबाब. पीकविम्याच्या तक्रारीचा कागद गावात किती जण स्वतः लिहितात, ते तुम्ही पाहिलंच असेल.

आता चहा-बिस्किट. इथे तुम्ही शंभर टक्के खरे. तीन दिवसांच्या एका प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी लाइन गेली, प्रोजेक्टर बंद पडला, तर समोरच्या सरांनी मोबाइलवरून त्याच स्लाइड आम्हाला वाचून दाखवल्या. पाच वाजता सही. लेखनावर प्रशिक्षण होतं आणि तीन दिवसांत एकाही मुलाची वही खोलीत आली नाही. दवाखान्यात रोगीच न आणता डॉक्टर तयार करावा, तसं.

म्हणूनच आम्ही परिषदेतला एक तास वेगळा काढला. केंद्रप्रमुखांनी हो म्हटलं, वर कुणाला कळवलं नाही. प्रत्येकानं तीन वह्या आणायच्या, हुशार पोरांच्या नाही. नाव झाकायचं. एकानं मोठ्यानं वाचायचं, म्हणजे अक्षराचा आणि शुद्धलेखनाचा सवालच येत नाही. पहिली दहा मिनिटं फक्त एवढंच बोलायचं, की या पोराला काय सांगायचं आहे आणि कोणतं वाक्य जमलंय. गुण द्यायचे नाहीत. त्याऐवजी दोन वह्या शेजारी ठेवून विचारायचं, यातली कोणती सरस आणि काहून? गुणांवर आम्ही तीन ते आठ असे पांगलो होतो, पण दोनांतली सरस कोणती यावर बरेच लवकर एकमत होतं. वाद होतो तो 'काहून' वर. आणि त्या वादातच शिक्षक शिकतो, मी तरी शिकले.

शेवटी प्रत्येक वहीसाठी एकच गोष्ट ठरवायची : उद्या या पोराला काय शिकवू? बारा-पंधरा वह्या वाचल्यावर दिसलं, की चौथीची बहुतेक पोरं वाक्य वाक्याला 'मंग' नं बांधतात. मंग गेलो, मंग आलो, मंग जेवलो. त्यावरून पाठ बसवला. कापूस वेचणीचीच गोष्ट घ्यायची आणि 'मंग' च्या जागी 'म्हणून', 'कारण', 'तोपर्यंत', 'तरी' घालून पाहायचं, अर्थ कसा बदलतो ते पोरांना बोलू द्यायचं. हा पाठ कोणत्याही पुस्तिकेत नव्हता, तो वह्यांतून निघाला.

आणखी एक केलं. एकदा शिक्षकांनाच लिहायला बसवलं. 'पहिला पगार', दहा ओळी, वीस मिनिटं. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात १९७४ साली शिक्षकांसाठी जो लेखन-उपक्रम सुरू झाला, त्याचा पायाच हा होता, की लेखन शिकवणाऱ्यानं आधी स्वतः लिहावं आणि शिक्षकानं शिक्षकाकडून शिकावं. आमच्याकडे कुणी पेन चावला, कुणाला फोन आला. पन्नाशीतल्या एका सरांनी सहा ओळी लिहून चार खोडल्या आणि म्हणाले, "मॅडम, मी पोट्ट्याईले रोज दहा ओळी लिहा म्हनतो." पुढे काही बोलले नाहीत.

वेळेचं तुम्ही लिहिलं नाही, पण बाकी दोघा-तिघांनी लिहिलं आहे. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, पोषण आहार, बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम, रोजची ऑनलाइन माहिती. खरं आहे सगळं. अडतीस वह्या रोज तपासणं मलाही जमत नाही, म्हणून मी रोज पाच वाचते. बाकीच्यांवर सहीसुद्धा करत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना ते खटकतं. त्या पाचांवर एक शेरा, गुण नाहीत. इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये हेच तपासलं होतं. काही मुलांना नुसते गुण, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. सुधारली ती नुसता शेरा मिळालेली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा उपयोग झाला नाही. माझ्या वर्गातही तेच दिसतं, पोरगं आकडा पाहतं आणि शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं.

सतरा गोलांच्या वहीतल्या त्या मुलाचं पुढे काय झालं, ते राहिलंच. त्याच्या बाईनं नव्या पानावर फक्त दोन ओळी लिहिल्या. एक अनुस्वाराबद्दल. आणि दुसरी : "तुझ्या प्रश्नाचं उत्तर आपण बाबांना विचारू." कारण सतरा गोल करताना शेवटचं वाक्य हा प्रश्न आहे, हेच तिला दिसलं नव्हतं. प्रश्नचिन्ह नव्हतं ना. बाबांनी सांगितलं, एका थेंबानं काही होत नाही, पण डागी कापूस कवडीत जातो, त्याचा भाव पडतो. पोरानं सगळं पुन्हा लिहिलं. 'लागलं', 'निघालं', 'पडलं' बरोबर आलं, 'बोटाला' आलं, प्रश्नचिन्हही आलं. 'रगत' मात्र तसंच ठेवलं. बाईनं विचारलं तर म्हणाला, रक्त दवाखान्यात असते.

गुरुजी, तुम्ही प्रतिक्रियेत ओझरतं लिहिलं आहे, की तुमच्या पोरांच्या काही वह्या अजून जपून ठेवल्या आहेत. नव्वदच्या दशकातल्या असतील, तर त्यातली एखादी आमच्या परिषदेत वाचायची फार इच्छा आहे. नाव झाकूनच वाचू. तुम्ही स्वतः घेऊन आलात तर आणखी बरं, पण लाल पेन तुमचाच आणा. आमच्या एका मॅडमला त्यावर आमच्याशी भांडायचं आहे, आणि ती तुमच्या बाजूची आहे.