मित्र कॉपी करताना दिसला तर?

भाचा एनडीएची, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकॅडमीची लेखी पास झालाय, आता एसएसबीची, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीची तयारी, त्यामुळे आमच्याकडे सध्या जेवतानाही एसआरटी, म्हणजे 'अशा प्रसंगी काय कराल' ही चाचणी, चालू असते. 60 प्रसंग, 30 मिनिटं. जंगलात साप चावला, ट्रेनमध्ये चोर शिरले, पठ्ठ्याची उत्तरं तयार. परवा मी सहज विचारलं, तुझा जिवलग मित्र परीक्षेत कॉपी करताना दिसला तर? म्हणाला, "मामा, आधी समजावणार, नाही ऐकलं तर रिपोर्ट करणार." म्हटलं हे झालं लिहायचं, करणार काय ते सांग. हसला आणि गुपचूप भाकरी मोडायला लागला.

मला त्याचं ते हसणंच खरं वाटलं. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकॅडमीत नियम आहे की कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही, आणि असं करणाऱ्याला खपवूनही घेणार नाही. पहिले तीन स्वतःपुरते, चौथा मित्राच्या मुळावर येणारा. 2020 मध्ये करोनामुळे गणिताचा पेपर ऑनलाइन झाला तर सत्तरच्या वर पोरं कॉपीत सापडली, बहुतेक सगळी पहिल्या वर्षाची. नियम तर सगळ्यांना पाठ असणारच ना!

आपल्या डेहराडूनच्या लष्करी अकॅडमीत ब्रिटिश सेनापती चेटवुडचं ते प्रसिद्ध वाक्य आहे, आधी देश, मग तुमच्या हाताखालचे जवान, शेवटी तुम्ही. सुंदरच आहे, पण त्यात कोर्समेट, म्हणजे सोबत शिकणारा मित्र, कुठंय? एकाने चूक केली की सगळ्यांना रगडा, म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणं पोरांच्या हाडात मुरतं, आणि खरेपणा मात्र लेक्चरमध्ये शिकवायचा. मग ऐनवेळी कोण जिंकणार हे सांगायला मानसशास्त्रज्ञ कशाला हवा?

तरी एक सांगतो. मिलग्रॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या त्या प्रयोगात, जिथे हुकुमावरून दुसऱ्याला विजेचे (खोटेच) शॉक द्यायचे होते, 40 पैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले हे सगळे सांगतात, पण त्याचाच दुसरा प्रकार होता, त्यात शेजारी बसवलेली दोन माणसं मधेच नाही म्हणून उठायची, तेव्हा शेवटपर्यंत गेले फक्त 4. माय लाय घ्या, 16 मार्च 1968, व्हिएतनाम, अमेरिकन सैनिकांनी गावकऱ्यांची कत्तल केली ते गाव. 24 वर्षांच्या ह्यू थॉम्पसन या अमेरिकन पायलटने आपल्याच सैनिकांच्या आणि गावकऱ्यांच्या मधे हेलिकॉप्टर उतरवलं आणि क्रूला सांगितलं, हे लोक गावकऱ्यांवर गोळ्या झाडायला लागले तर तुम्ही यांच्यावर झाडा. एकटा नव्हता तो, क्रूमधले कोलबर्न आणि आंद्रेओटा सोबत उभे राहिले. मायदेशी मात्र एक खासदार म्हणाला शिक्षा द्यायची तर यालाच द्या, आणि सोल्जर्स मेडल हे शौर्यपदक मिळालं थेट 1998 ला. पुढे त्याच थॉम्पसनला मिलिटरी अकॅडम्यांनी भाषणाला बोलावलं म्हणा.

म्हणून मला अकॅडमीत नीतिशास्त्राचे तास किती यात फारसा रस नाही. ज्या पोराने मित्राचं नाव दिलं, त्याच्या शेजारी त्या रात्री मेसमध्ये कोण जेवायला बसतं, तेवढं मला कुणीतरी सांगा.