तिसऱ्याच वर्षी आदर्श शिक्षक? मग हे वाचूनच घ्या

पहिले तर अभिनंदन. नोकरीचं हे तिसरंच वर्ष, अजून शिक्षण सेवकाच्या, म्हणजे पहिल्या तीन वर्षांच्या मानधनावर आहात आणि तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार घरात, मजा आहे ना बावा तुमची. प्राथमिकचं मानधन आधी 6,000 होतं, जानेवारी 2023 पासून 16,000 झालं, म्हणजे फेटा बांधलेल्या फोटोची फ्रेम आता उधारी न करता बनवता येते.

आता सगळ्यात आधी आश्चर्य वाटून घ्यायला शिका. "मला तं माहीतच नव्हतं हो, हेडमास्तर सरांनी परस्पर नाव पाठवून दिलं" हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहा, जमते. प्रस्ताव तुम्हीच टाईप केला, नागपुरात सीताबर्डीवर जाऊन रंगीत प्रिंटा काढल्या, स्पायरल मारलं, एकच कडुनिंबाचं रोपटं तीन वेगवेगळे शर्ट घालून तीनदा लावलं, हे कोणाला सांगायचं कामच नाही. राष्ट्रीय पुरस्काराला 2018 पासून शिक्षकाला पोर्टलवर स्वतःचं नाव स्वतःच टाकता येते, तिथे लाजायची सोयच ठेवली नाही सरकारने. 50,000 रुपये आणि चांदीचं मेडल आहे, डोळा ठेवा.

स्टाफरूममध्ये तर्री पोहे द्यावेच लागतील. सगळे खातील, दोनदा तर्री घेतील आणि मग कोणीतरी म्हणेलच, "सर, आमच्या वेळेस असं फोटोबिटो काढायचं नव्हतं." हसायचं. कोपऱ्यातल्या त्या वयस्कर मॅडमकडे मात्र पाहायचं नाही, ज्यांनी गावातल्या अर्ध्या लोकांना वाचायला शिकवलं, आता त्या लोकांच्या पोरांनाही शिकवून राहिल्या, आणि ज्यांचा एकही फोटो कोणत्याच फाईलीत नाही, कारण शिकवताना समोर मोबाईल धरायला कोणी नव्हतं आणि त्यांना ते सुचलंही नाही. त्या खरंच मनापासून "छान झालं बाळा" म्हणतात. हे सगळ्यात जास्त बोचते, पण दोन दिवसात जाते.

प्रत्येक सत्कारात कोणीतरी डिसले सरांचं नाव काढेल, त्याची तयारी ठेवा. 2020 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ फायनलिस्टांना वाटून टाकली. तुमच्याकडे वाटायला श्रीफळ आहे. फोडा.

मग कामं सुरू. यूडायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची माहिती भरायची, तंत्रस्नेही कोण, तुम्ही. केंद्रप्रमुखांची पीपीटी, तुम्ही. पाहुणे येऊन राहिले, स्वागतगीत बसवा, तुम्ही. मतदार यादीचं काम पाहणारे बीएलओ तर आहातच. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये स्पष्ट लिहून आहे की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही, म्हणून तुम्हाला कोणी काम देणारच नाही, फक्त सहकार्य मागतील, आणि आदर्श माणूस सहकार्याला नाही कसा म्हणेल? व्हॉट्सअॅपवर रात्री अकराला मेसेज येतो, "अर्जंट, आज पाचपर्यंत." तुम्ही थम्ब्स अप टाका.

वर्गाचं टेन्शन घेऊ नका. तिसरीच्या पोरांना वजाबाकीत हातचा कसा घ्यायचा हे अर्धं सांगून होते, तेवढ्यात पंचायत समितीतून फोन येते, आणि तो हातचा तसाच फळ्यावर लटकून राहते. पोरं शहाणी आहेत, ती तेवढ्या वेळात आपापसात उसने घेऊन टाकतात. उपक्रमशील वर्ग पाहायला दुसऱ्या शाळेचे लोक आले की तीच कविता तालात म्हणायची, पहिल्या बाकावरच्या पोरीने तोच प्रश्न विचारायचा, हेही त्यांना पाठ आहे. एकदा एका पोराने पाहुण्यांनाच विचारलं, "तुम्ही गेल्यावर सर शिकवतील का?" अशा पोराला दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकावर बसवा.

आणि पुढच्या वर्षी जून-जुलैत हिंगण्याचा नाहीतर काटोलचा एखादा नवीन भाऊ फोन करेलच, "सर, तुमची फाईल मिळेल का, फक्त फॉरमॅट पाहायला." देऊन टाका, वर्डमधलीच द्या. तो नाव बदलेल, शाळा बदलेल, फोटो बदलेल, पान 14 वर तुमचं नाव तसंच राहून जाईल, आणि त्याला पुरस्कार मिळून जाईल.